पेस्ट केलेला रकार दंडाला चिकटावा म्हणून: ग्लिफ्स, रोबोफॉन्ट, फॉन्टफोर्ज की फॉन्टलॅब?

प्र मधली रकाराची तिरपी रेघ उचलून ग वर पेस्ट केली, की ती दंडाला चिकटत नाही. डावीकडे अधांतरी लटकते. फॉन्टच्या बहुतेक सगळ्या सॉफ्टवेअरमध्ये पेस्टचा अर्थ एकच: मूळ अक्षरात बिंदू ज्या आकड्यांवर होते, नव्या अक्षरातही त्याच आकड्यांवर. आणि हे आकडे मोजले जातात अक्षराच्या डाव्या कडेपासून. रोमन लिपीचं त्यावर बरंचसं भागतं. आपल्याकडे प, ग, म, स, त अशा बहुसंख्य अक्षरांचा दंड उजवीकडे असतो आणि उजव्या कडेपासून त्याचं अंतर सगळीकडे सारखं ठेवलेलं असतं. समजा, प ची रुंदी ५४० एकक आणि ग ची ६२०. मग रेघ ८० एकक उजवीकडे सरकवायला हवी. ठळक मास्टरमध्ये (मास्टर म्हणजे फॉन्टचं हाताने रेखाटलेलं एकेक मूळ वजन, साधं किंवा ठळक) त्याच रुंद्या ५८० आणि ६९० असतील तर ११०. चार अक्षरांसाठी हे हाताने होतं. रकार, रफार, अर्धी रूपं, जोडाक्षरं आणि वर दोन-तीन मास्टर धरले, की हात कंटाळतो आणि एकेका एककाची चूक राहून जाते.

म्हणून स्वतःची पेस्ट लिहायची. चारही सॉफ्टवेअरमध्ये ती पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत, छोट्या स्क्रिप्टच्या रूपात लिहिता येते, आणि पायथन येणारा माणूस शोधायला पुण्यात हिंजवडीपर्यंतही जावं लागत नाही, घरातच एखादा भाचा सापडतो. अडचण पायथनची नसून नियमाची आहे. 'नव्या अक्षराची रुंदी वजा जुन्याची, तेवढं सरकव' हा नियम दंडवाल्या अक्षरांना चालतो. क आणि फ चा दंड मधोमध. ट, ठ, ड, ढ यांना तर पूर्ण दंडच नाही. तिथे रकार खाली काकपदासारखा (^) बसतो. तेव्हा स्क्रिप्टला प्रत्येक अक्षरात एक खूण लागते: 'इथून मोजायचं'. ही खूण कुठे ठेवता येते, सगळे मास्टर एका दमात हाताळता येतात का, आणि पेस्ट झाल्याचं स्क्रिप्टला कळतं का, या तीन गोष्टींवर निवड करा. बाकी वैशिष्ट्यांच्या याद्या प्रत्येकाच्या संकेतस्थळावर आहेतच.

ग्लिफ्स फक्त मॅकवर चालतं. सगळे मास्टर एकाच फाइलमध्ये, एकाच ग्लिफच्या (म्हणजे फॉन्टमधल्या एका अक्षराकृतीच्या) लेयरमध्ये असतात, ही आपल्या कामाच्या दृष्टीने त्याची सर्वांत मोठी जमेची बाजू. स्क्रिप्ट फॉन्टच्या मास्टरवरून एक फेरी मारते, प्रत्येक मास्टरमधल्या रुंद्या वेगळ्या वाचते, सरकवण्याचं अंतर वेगळं काढते आणि रेघ टाकते. रेग्युलरमध्ये ८०, बोल्डमध्ये ११०, एकाच शॉर्टकटवर. बिंदूंची संख्या आणि क्रम सगळीकडे सारखा राहतो, त्यामुळे इंटरपोलेशनही, म्हणजे दोन मास्टरमधून मधली वजनं काढणंही, बिघडत नाही. खुणेसाठी साधा अँकर, म्हणजे अक्षरावरचा नाव दिलेला बिंदू, टाका, त्याला 'कणा' अशा अर्थाचं काहीही नाव द्या. त्या नावाचं जोडीदार चिन्ह फॉन्टमध्ये नसेल तर मार्क फीचरमध्ये, म्हणजे फॉन्टमधल्या चिन्हं अक्षरावर बसवणाऱ्या नियमांत, तो अँकर येत नाही, म्हणजे निर्यात झालेल्या फॉन्टवर त्याचा परिणाम शून्य.

उणीव अशी, की ग्लिफ्स स्क्रिप्टला ज्या घटनांची वर्दी देतं त्यांत फाइल उघडणं, साठवणं, निर्यात, टॅब उघडणं, माउसची हालचाल हे सगळं आहे. पेस्ट मात्र नाही. म्हणजे नेहमीच्या कमांड-व्हीला हात न लावता तुमची 'पेस्ट उजवीकडून' ही वेगळी आज्ञा होते, तिला वेगळा शॉर्टकट द्यावा लागतो, आणि कॉपी करताना मूळ अक्षर कोणतं होतं हेही तुम्हालाच कुठेतरी नोंदवून ठेवावं लागतं. माझ्या मते हे बरंच आहे. बोटांना सवय असलेली पेस्ट गुपचूप वेगळी वागू लागली, तर चूक झाल्याचं चार दिवसांनी कळतं. आणखी एक सांगून ठेवतो: जुन्या, दुसऱ्या आवृत्तीच्या काळातल्या स्क्रिप्ट जशाच्या तशा उतरवू नका. तिसऱ्या आवृत्तीत आउटलाइन आणि कंपोनंट (दुसऱ्या ग्लिफमधून जसेच्या तसे जोडलेले भाग) एकाच 'शेप्स' यादीत आले, त्यामुळे आउटलाइन जोडण्याची जुनी ओळ तिथे अडते. ग्लिफ्ससाठीच्या मेक्काब्लू नावाच्या मोफत स्क्रिप्टसंग्रहात एका लेयरमधलं दुसऱ्यात नेणाऱ्या स्क्रिप्ट आहेत; कोऱ्या पानावरून सुरुवात करण्यापेक्षा त्यातली एखादी उघडून वाचा.

रोबोफॉन्टही मॅकवरच चालतं, पण त्याचा स्वभाव अगदी वेगळा. ते आतून बाहेरून पायथनवरच उभं आहे आणि कॉपी, पेस्ट या घटनांची वर्दी स्क्रिप्टला देतं. कॉपीच्या वेळी मूळ अक्षर टिपून ठेवायचं. पेस्ट झाली, की नव्या आउटलाइन निवडलेल्याच असतात, त्या मोजून सरकवायच्या. म्हणजे खुद्द कमांड-व्हीच देवनागरी शिकते. हे ज्याला हवं आहे त्याने दुसरीकडे बघूच नये. फक्त एक पथ्य पाळायचं: ही करामत रोमन अक्षरांवर चालता कामा नये. युनिकोड क्रमांक बघून गाळणी लावावी असं पहिल्यांदा सुचतं, पण क्ष, त्र किंवा द्ध्य यांच्या ग्लिफला स्वतःचा क्रमांकच नसतो. गाळणी ग्लिफच्या नावातल्या देवनागरी प्रत्ययावर लावा, आणि त्यासाठी नावं आधीपासून शिस्तीत ठेवा.

मास्टरच्या बाबतीत रोबोफॉन्ट मागे पडतं. तिथे प्रत्येक मास्टर ही यूएफओ या खुल्या फॉन्ट-स्वरूपातली स्वतंत्र फाइल. 'उघडे असलेले सगळे फॉन्ट' घेऊन त्यांत पेस्ट करायची सोय आहे, पण शेजारी संदर्भासाठी कोणता तिसराच फॉन्ट उघडा असेल तर त्यातही रकार उमटणार. कुटुंबाचं नाव जुळलं तरच पुढे जा, अशी ओळ स्क्रिप्टच्या अगदी सुरुवातीला हवी. फायदा असा, की यूएफओ म्हणजे साध्या मजकुराच्या फायली; पेस्टने काय बदललं ते गिटमध्ये, म्हणजे फायलींतल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात, ग्लिफनिहाय दिसतं. दोघं-तिघं मिळून काम करत असतील तर हे फार मोलाचं आहे.

आता पुण्यातल्या वास्तवाकडे. आप्पा बळवंत चौकाच्या आसपास, नारायण पेठेत, जिथे अजून डीटीपी चालतं तिथे बहुतेक टेबलांवर विंडोजच असतं. श्रीलिपी बनवणारी मॉड्युलर इन्फोटेक पुण्याचीच. त्या काळात घडलेले फॉन्ट आणि त्यांवर बसलेला हात दोन्ही विंडोजचे. अशा माणसाला 'मॅक घ्या' हा सल्ला देणं म्हणजे भाजी आणायला पाठवून शेत विकत घ्यायला सांगणं. त्याच्यासाठी फॉन्टफोर्ज आहे: मोफत, विंडोज, लिनक्स आणि मॅक तिन्हींवर चालणारं. जॉर्ज विल्यम्स यांनी पीएफएएडिट नावाने सुरू केलेल्या या प्रकल्पाला २००४ मध्ये हे नाव मिळालं, आणि त्याचा चेहरा अजून त्याच सुमाराचा दिसतो.

पण कॉपीच्या बाबतीत हा म्हातारा सर्वांत तयारीचा आहे. मेनूतच नुसती कॉपी, रेफरन्स म्हणून कॉपी, फक्त रुंदीची कॉपी, डाव्या किंवा उजव्या बाजूच्या मोकळ्या जागेची कॉपी असे पर्याय आहेत. सगळी अक्षरं दिसणाऱ्या मुख्य खिडकीत पेस्ट केलं तर आधीचं पुसून नवं येतं. 'पेस्ट इनटू' केलं तर आधीचं राहून वर भर पडते. हेच पायथनमधूनही करता येतं, तेही खिडकी न उघडता, कमांड लाइनवरून. स्वतःच्या मालकीचा एखादा जुना बिगर-युनिकोड फॉन्ट असेल आणि त्यातले अक्षरांचे तुकडे शेकड्याने उचलून नव्या युनिकोड फॉन्टमध्ये योग्य जागी बसवायचे असतील, तर या कामाला मी फॉन्टफोर्जच घेईन, मॅक समोर असला तरी.

रेखाटताना हाताने पेस्ट करायची असेल तर मात्र त्याचे काटे टोचतात. खुणेचा अँकर सहज टाकता येत नाही. त्याला लुकअपच्या (फॉन्टमधल्या नियमांच्या तक्त्याच्या) पोटातला अँकर क्लास लागतो. त्यापेक्षा ग्लिफसोबत स्वतःची माहिती साठवायची जी कायमस्वरूपी जागा आहे, तिथे कण्याचा आकडा लिहून ठेवा. दुसरं म्हणजे, पायथनमधून केलेल्या बदलांना अनडू आपोआप मिळत नाही. बदल करण्याआधी लेयरची स्थिती जपून ठेवणारी आज्ञा स्क्रिप्टने स्वतः द्यावी लागते. ती ओळ राहिली, की कंट्रोल-झेड कितीही दाबा.

फॉन्टलॅब थोडक्यात. पैसे मोजायची तयारी आहे, आधुनिक साधन हवं आहे, पण विंडोज सोडायचं नाही, त्यांच्यासाठी या चौघांत तेच उरतं. मास्टर एकाच फाइलमध्ये राहतात, पायथन आहे, आणि टाइपरिग ही मोफत लायब्ररी घेतली तर स्क्रिप्ट लिहिणं पुष्कळ सोपं होतं. पण अडलं तर विचारायला माणूस मिळणं त्यातल्या त्यात कठीण. माझ्या ओळखीतले देवनागरीवाले बहुतेक ग्लिफ्सवर आहेत, आणि त्यांच्या स्क्रिप्ट इथे चालत नाहीत.

तेव्हा: मॅक आहे आणि दोन-तीन मास्टरचं कुटुंब एकट्याने करायचं आहे, तर ग्लिफ्स. मॅक आहे, पायथन हातात मुरलेलं आहे आणि साधन आपल्या मापाने शिवून घ्यायचं आहे, तर रोबोफॉन्ट. विंडोज आहे आणि खिसा रिकामा आहे, किंवा काम घाऊक आहे, तर फॉन्टफोर्ज.

विकतची जी आहेत त्यांच्या चाचणी आवृत्त्या मिळतात. उतरवलीत तर पहिली परीक्षा ॲ ची घ्या. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ आवृत्तीत आलं. त्याआधीच्या फॉन्टमध्ये ते हमखास नसतं. ऑ च्या कान्यावरचा चंद्र उचला आणि तुमच्या स्क्रिप्टने अ च्या दंडावर टाका, सगळ्या मास्टरमध्ये. प्रत्येक मास्टरमध्ये चंद्र दंडाच्या माथ्यावर बसला का ते डोळ्यांनी नव्हे, आकड्यांनी तपासा. मग अनडू दाबा. एका दाबात सगळे मास्टर पूर्ववत झाले नाहीत, तर ती स्क्रिप्ट अजून खऱ्या फाइलवर चालवू नका.