टनेज सर्टिफिकेटवाली एजन्सी: मोजणी चोख, ऑफिस बेभरवशाचं
बोटीच्या रजिस्ट्रेशनसाठी टनेज सर्टिफिकेट (बोटीच्या आकारमानाचा अधिकृत दाखला) हवं होतं म्हणून यांना काम दिलं. सर्व्हेयर एक नंबर माणूस, इंजिन रूमपासून पार पुढच्या स्टोअरपर्यंत वाकून वाकून मापं घेतली, आणि मी इतकी वर्षं ग्रॉस टनेज म्हणजे वजन समजत होतो तर ते वजन नाहीच, बंदिस्त जागेच्या घनफळावरून काढतात हे त्यांनीच सांगितलं. आमची बोट २४ मीटरच्या वर, म्हणून १९६९ च्या आंतरराष्ट्रीय कराराप्रमाणे मोजणी. त्यात नेट टनेज (म्हणजे माल-प्रवाशांच्या जागेवरून काढलेला आकडा) ग्रॉसच्या ३० टक्क्यांखाली जातच नाही, म्हणजे नेट कमी करून फी वाचवायचा माझा प्लॅन बोंबलला 😅 ऑफिसवाल्यांनी मात्र ड्राफ्टमध्ये लांबीच चुकीची टाकली, दुरुस्तीला दोन आठवडे, फोन कोणी उचलेल तर शपथ. तीन स्टार, तेही सर्व्हेयरमुळे.