मिआटाच्या पोटाखालचं फुलपाखरू

बॉडी ताठ करायला म्हणून बॉनेटखाली लावतात ती चकचकीत आडवी पट्टी मिआटासाठी, म्हणजे माझदाच्या दोन सीटांच्या उघड्या गाडीसाठी, घ्यायचा विचार असेल, तर राहू द्या. घेतलीच तर फोटोसाठी घेतली असं सरळ सांगा. खर्च करायचाच असेल तर गाडीच्या पोटाखाली करा, जिथं जॅक लावल्याशिवाय कुणाला काही दिसत नाही.

माझी गाडी २००० सालची माझदा मिआटा, दुसऱ्या पिढीतली, म्हणजे जिला सगळे एनबी म्हणतात ती. १.८ लिटरचं इंजिन, वजन जेमतेम हजार-पन्नास किलो, गर्द हिरवा रंग, कापडी छप्पर. मी राहते मिशिगनमध्ये, डेट्रॉईटच्या वायव्येला नोव्हायला. इथले रस्ते हिवाळ्यात आतलं पाणी गोठून फुगतात आणि वसंतात फुटतात, त्यामुळं कोल्हापूरच्या माणसाला अजिबात परकं वाटत नाही. अशा रस्त्यांवर छप्पर नसलेली, पंचवीस वर्षांची गाडी चालवली की तिची बॉडी कुठं कुठं पिळते हे बुडाखाली कळतं.

काडेपेटीचा आतला खण बाहेर काढून दोन्ही टोकांनी पिळून बघा, सहज पिळतो. तोच बाहेरच्या वेष्टणात सरकवून पिळा, जमणार नाही. बंद छपराच्या गाडीत छप्पर, खांब आणि फ्लोअर मिळून ते वेष्टण तयार होतं. छप्पर कापलं की सगळा भार दारांखालच्या दोन सिल (गाडीचे उंबरठे), दोन सीटांमधला उंचवट्याचा बोगदा आणि फ्लोअरचा पत्रा यांच्यावर येतो. डावं पुढचं चाक खड्ड्यात गेलं की बॉडीच थोडी पिळते आणि परत येते. म्हणजे बॉडी हीच एक जास्तीची स्प्रिंग झाली, आणि तिला शॉक अॅब्सॉर्बर नाही. म्हणून ती थरथरत राहते. आरशातली मागची गाडी धूसर होते, स्टिअरिंगच्या दांड्यात झिणझिण्या येतात, दार लॉकपाशी करकरतं, आणि छप्पर लावलेलं असेल तर काचेच्या वरच्या कडेला कुणीतरी बोटं वाजवत बसल्यासारखी टिकटिक.

माझदाला हे माहीत नव्हतं असं नाही. १९८९ला शिकागोच्या ऑटो शोमध्ये मिआटा पहिल्यांदा दाखवली, तेव्हाच तिच्यात गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांना फिरवणाऱ्या डिफरन्शियलपर्यंत जाणारी अॅल्युमिनियमची एक लांब फ्रेम होती, पॉवर प्लँट फ्रेम. तिनं इंजिन ते मागचा आस ही सगळी साखळी एकसंध धरली, पण बॉडीच्या पिळाचा प्रश्न वेगळा. १९९४च्या मॉडेलला १.८ लिटर इंजिन आलं, तेव्हा कंपनीनं स्वतःच पुढं-मागं जास्तीच्या ब्रेस, म्हणजे बॉडी ताठ करणाऱ्या पट्ट्या, टाकल्या. २००१ला एनबीची बॉडी पुन्हा मजबूत केली, त्यात सातेक किलो वजन वाढलं. माझी २०००ची. नशीब.

आता ती चकचकीत पट्टी. माझ्या गाडीवर ती आधीच्या मालकानं बसवलेली होती. दोन्ही पुढच्या शॉकची वरची टोकं जिथं बसतात ते टॉवर जोडणारी, मधे इंजिनाला वाट द्यायला वाकवलेली, आणि दोन्ही टोकांना एकेका बोल्टावर फिरणारा सांधा. जी सळई मुळातच वाकलेली आहे ती दाबली की आणखी वाकणार, आणि ज्या सांध्यात बिजागरी आहे तो पीळ अडवणार नाही. पण समजा सरळ, एकसंध, वेल्ड केलेली पट्टी घेतली, तरी या गाडीत तिचा फायदा थोडाच. कारण मिआटाचं सस्पेन्शन डबल विशबोनचं आहे, म्हणजे प्रत्येक चाक दोन आर्मनी धरलेलं. वरचा आणि खालचा, दोन्ही आर्म सबफ्रेमवर, म्हणजे बॉडीला खालून बोल्ट केलेल्या वेगळ्या चौकटीवर, बसतात. चाकाचा कोन तिथं ठरतो, वरच्या टॉवरवर नाही. टॉवरवर फक्त स्प्रिंग आणि शॉकचा भार येतो. मॅकफर्सन स्ट्रटच्या गाडीत वरचा आर्म नसतो, शॉकच चाकाला वरून धरतो, त्यामुळं तिथं टॉवर हाच सस्पेन्शनचा वरचा बिंदू असतो. तो हलला की चाकाचा कोन हलतो, म्हणून तिथं पट्टीला अर्थ आहे. माझदानंही काही एनबींवर अशी पट्टी दिली होती हे खरं, आणि इंजिनच्या खोलीत थोडा ताठपणा त्यानं येतही असेल. मी माझी काढून गाडी चालवली, परत लावून चालवली, आणि मला फरक सांगता आला नाही. नवऱ्याला न सांगता काढली तेव्हा त्यालाही नाही. हा पुरावा कोर्टात टिकणार नाही, पण माझ्यापुरता पुरेसा आहे.

तर आता ज्यासाठी हे लिहायला घेतलं ते. फ्लाइन मिआटा ही मिआटाचे सुटे भाग बनवणारी कोलोरॅडोतली कंपनी. तिच्या फ्रेम रेल आणि त्यावर बसणारी बटरफ्लाय ब्रेस मी घेतली. मिआटाच्या फ्लोअरखाली मुळात पुढून मागं जाणाऱ्या दोन रेल असतात, पातळ पत्र्याच्या. वर्षानुवर्षं कुणी ना कुणी त्यांच्यावरच जॅक लावतं, त्यामुळं जुन्या मिआटाच्या रेल बहुतेक वेळा चेपलेल्या दिसतात. माझ्या तर एका जागी पापडासारख्या सपाट झाल्या होत्या. नव्या जाड रेल या जुन्या रेलवर खालून टोपीसारख्या बसतात आणि फ्लोअरमधून बोल्टनं आवळतात. बटरफ्लाय म्हणजे त्या दोन्ही रेलना एकमेकींशी आणि बाहेरच्या कडांशी बांधणारा नळ्यांचा सांगाडा. गाडीखाली झोपून वर बघितलं की पंख पसरल्यासारखा दिसतो. तिरप्या नळ्या आहेत हे महत्त्वाचं. चौकटीला पिळापासून वाचवतो तो कर्ण, बाजूला समांतर टाकलेली पट्टी नाही. सगळं मिळून चार चांगल्या टायरांच्या किमतीपेक्षा जास्त खर्च येतो.

बसवणं अवघड नाही, पण घाईचं काम नाही. दोन्ही सीट बाहेर, गालिचा वर, आणि मग फ्लोअरला भोकं. माझ्या शेजारी एक निवृत्त टूल अँड डायवाले, म्हणजे पत्रा दाबायचे साचे बनवणारे, आजोबा राहतात. आयुष्य गाडीच्या कारखान्यात गेलेलं, गॅरेजमध्ये आमच्या स्वयंपाकघरापेक्षा जास्त ड्रॉवर. ते आले. फोनवर व्हिडिओत अण्णा. अण्णांनी कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात चाळीस वर्षं लेथ चालवलेली, त्यामुळं त्यांना राहवेना.

"बोल्ट कुठल्या ग्रेडचा हाय? डोक्यावरचा आकडा दाखव."

१०.९, म्हणजे भक्कम ग्रेड. त्यावर समाधानाचा हुंकार आला.

"आन् भोक मोठं करू नकोस. बोल्ट सैल बसला तर ती ब्रेस न्हाई, लोंबकळणारं लोखंड झालं. आधी बारकं मार, मग वाढव."

शेजारच्या आजोबांनी तोपर्यंत न विचारता बारीक ड्रिल चढवलंच होतं. दोघांना एकमेकांचा एक शब्द कळत नव्हता, तरी वाद फक्त एका गोष्टीवर झाला: बोल्ट शेवटचे आवळायचे कधी. गाडी स्टँडवर असताना आवळले तर बॉडी ज्या स्थितीत लटकली आहे त्याच स्थितीत जखडते, म्हणून ती चाकांवर उभी पाहिजे, हे अण्णांचं म्हणणं. आजोबा म्हणाले, हजार किलोच्या गाडीत एवढं काही बिघडत नाही. मी गाडी चारी चाकांखाली रॅम्प लावून उभी केली आणि मग आवळले. अण्णांचं ऐकलं असं नाही, पण तर्क बरोबर होता.

त्याआधीचं काम जास्त वेळखाऊ निघालं. चेपलेल्या रेल सरळ केल्याशिवाय नवीन रेल त्यांच्यावर बसतच नाही. लाकडाचा ठोकळा, हातोडा, क्लॅम्प आणि शेजाऱ्यांची माफी. मग जुनं अंडरकोटिंग, म्हणजे पोटाखालचा गंजरोधक थर, खरवडायचं, कारण पत्रा आणि रेल यांच्यात मऊ थर राहिला तर आवळलेला बोल्ट काही दिवसांत सैल होतो. भोकांच्या कडांना प्रायमर लावायचा, वर सीलर. ब्रेकच्या आणि पेट्रोलच्या नळ्या खालूनच जातात, वायरिंग गालिच्याखालून. ड्रिल मारण्याआधी दोन्हीकडून हात घालून बघा. हे सगळं एखाद्या दुकानातून करून घेणार असाल तर प्रायमर लावला का हे समोर उभं राहून बघा. इथल्याच एका दुकानातून मैत्रिणीनं दुसऱ्या गाडीला सबफ्रेमची ब्रेस लावून घेतली. एका हिवाळ्यात प्रत्येक भोकाभोवती तांबडं वर्तुळ.

फरक? दाराच्या फटीत डायल गेज (बारीक हालचाल मोजणारं काट्याचं मापक) लावून एका कोपऱ्याला जॅक दिला. आधी काटा जेवढा फिरायचा त्यापेक्षा नंतर कमी फिरला, हे स्पष्ट दिसलं. थांबला मात्र नाही. कुणी सांगितलं की ब्रेस लावून उघडी गाडी बंद गाडीसारखी झाली, तर हसून सोडून द्या. लोटस एलिस या उघड्या स्पोर्ट्स कारचं बघा. १९९६ला आली तेव्हा तिची अॅल्युमिनियमची चासी अवघी ६८ किलोची होती आणि तरी ताठ, कारण दारांखालच्या सिल भल्यामोठ्या उंच ठेवल्या होत्या. त्याची किंमत म्हणजे आत शिरताना करायची कसरत. माझ्या मिआटात मी मंडळाच्या गणपतीला नऊवारी नेसून बसून जाते. एलिसमध्ये बसून दाखवा. ताठपणा गाडी कागदावर आखतानाच येतो. नंतर आपण लावतो ती डागडुजी.

डागडुजी मात्र चांगली आहे. नोव्हायच्या पश्चिमेला पिंकनीपलीकडं हेल नावाचं गाव आहे (होय, नरक, आणि ते पोस्टकार्ड विकून पैसे कमावतात). तिथून जाणारा पॅटरसन लेक रोड वळणावळणांचा आणि ठिगळांचा. आधी तिथं वळणाच्या मधे खड्डा आला की गाडी आधी बॉडीत हलायची आणि मग सस्पेन्शनमध्ये, म्हणजे एका धक्क्याला दोन उत्तरं. आता एकच येतं. स्टिअरिंग थोडं फिरवलं आणि नाक वळलं, यांच्यात जी एक मऊ जागा असायची ती आक्रसली. आरसा अजून हलतो, पण मागच्या गाडीचा रंग कळतो. दाराची करकर गेली. छपराची टिकटिक राहिली, ती रबराच्या सीलची आहे, तिला ब्रेसचा दोष देऊ नका. रेल्वे फाटकावर धक्का पूर्वीइतकाच बसतो, फक्त त्याच्यामागून येणारा खुळखुळाट कमी.

एक अनपेक्षित गोष्ट. बॉडी शांत झाल्यावर शॉक थकलेत हे मला कळलं. आधी सगळी थरथर एकच वाटायची. आता कुठली बॉडीची आणि कुठली शॉकची हे वेगळं ऐकू येतं. म्हणजे आणखी खर्च. नवऱ्यानं हे वाक्य वाचू नये.

तोटे सांगितले पाहिजेत. फ्लोअरला भोकं पाडली की गाडी कंपनीतून निघाली तशी राहत नाही, आणि जपून ठेवलेल्या गाड्या घेणाऱ्यांना ते आवडत नाही. खालची उंची थोडी कमी होते. माझी गाडी मूळ उंचीवर आहे म्हणून चालतं, खाली दाबलेल्या गाडीनं आधी स्पीडब्रेकर मोजावेत. आणि नवीन रेल व जुनी रेल यांच्या मधे ओलावा अडकू शकतो. मिशिगनमध्ये हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात, आणि एनबीच्या पुढच्या रेल तशाही गंजायला प्रसिद्ध आहेत. मी आत पोकळीत मेणाचा फवारा मारते, आणि मीठ पडलं की गाडी बाहेर काढत नाही. गंजलेल्या रेलवर ही रेल चढवू नका. झाकलं म्हणजे बरं झालं असं नाही, बोल्ट धरणार कशाला?

पुण्याहून मावसभावाचा फोन आला होता. त्याच्याकडं पोलो जीटी टीएसआय आहे, आणि मलेशियाच्या अल्ट्रा रेसिंगची पुढची स्ट्रट पट्टी घ्यायची आहे. पोलोला मॅकफर्सन स्ट्रट आहेत, त्यामुळं तिथं पट्टीला मिआटापेक्षा जास्त अर्थ आहे, हे मी त्याला सांगितलं. पण तुझ्या गाडीला छप्पर आहे बाबा, ती मुळातच ताठ आहे, आणि टायर तू अजून कंपनीचेच वापरतोस. शिवाय तिकडं मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, गाडीत मूळ रचनेपेक्षा काय बदल चालतो याचं. ते वाच आणि विमावाल्यालाही आधी विचार, म्हटलं. त्यानं पट्टी लाल मिळते की निळी एवढंच विचारलं.

बसवल्यावर काही आठवडे गाडी चालली की सगळे बोल्ट टॉर्क रेंचनं (किती जोरानं आवळलं ते दाखवणाऱ्या पान्यानं) पुन्हा तपासा, माझे दोन थोडे सरकले होते. आणि अलाइनमेंटला द्याल तेव्हा लिफ्टवाल्याला खाली झोपून आधी बघायला सांगा. लिफ्टचे पाय सिलवरच्या ठरलेल्या जागीच लागले पाहिजेत, नळ्यांवर नाहीत. मी आता विंडशील्डवर मोठ्या अक्षरांत चिठ्ठी चिकटवून देते.