जैसलमेरची कॅमल सफारी: रात्र भारी, मांड्यांचे हाल

जानेवारीत जैसलमेरजवळच्या खुरी गावाच्या बाजूला एका रात्रीची सफारी केली. सफारीवाल्यांचं नाव देत नाही, कारण तीन तास उंटावर फिरवू म्हणाले आणि दीड तासात उतरवलं, सरळसरळ टोपी घातली. पण खरं सांगू का, तोवर मीच मनात म्हणत होते की बास, उतरवा रे मला.

उंट एका बाजूचे दोन्ही पाय जवळजवळ एकदम उचलतो, त्यामुळे आपण होडीत बसल्यासारखे डुलत राहतो आणि पलाणाला रिकीब नसेल (आमच्या नव्हती) तर पाय लोंबकळून मांड्यांची जी वाट लागते ती दुसऱ्या दिवशी किल्ल्याचा चढ चढताना कळते. जीन्स अजिबात नको, जाड शिवण नेमकी नको तिथे येते. उंट उठताना आधी मागचे पाय सरळ करतो म्हणजे आपण थेट त्याच्या मानेवर, म्हणून मागे रेलायचं असतं. उंटवाला ओरडून सांगत होता, नवरा "माहितीये मला" म्हणत ताठ बसला आणि चष्मा वाळूत. उंटावरचा शहाणा म्हणतात तो हाच.

सम नावाच्या गावाला आदल्या संध्याकाळी जाऊन आलो होतो. जैसलमेरपासून 40 किमी, वाळूच्या टेकड्या छान, पण जीपा, उंटांच्या रांगा आणि डीजे. शांतता हवी असेल तर खुरीच. फक्त सगळीकडे वाळूच असेल असं समजू नका, बराच रस्ता खडकाळ माळ, केर नावाची झुडपं, आपली रुई आणि मधेमधे खेजडी. खेजडी म्हणजे आपली शमी, हे गाइडने नाही, सासूबाईंनी पान बघून सांगितलं.

वाटेत एका नर उंटाने तोंडाच्या कडेने गुलाबी फुगा बाहेर काढला आणि गुळण्या केल्यासारखा आवाज, तोंडाला फेस. मला वाटलं आजारी आहे बिचारा! उंटवाला हसायला लागला, थंडीत माजावर आले की करतात म्हणे असं. असल्या उंटाच्या तोंडाजवळ सेल्फी काढायला जाऊ नका.

जेवण ठीक, कढी मस्त, बाजरीच्या भाकरीत वाळू कचकच. रात्री तंबू नाही, उघड्यावर खाटा आणि दोन दोन रजया. चांदणं इतकं की झोपच लागेना, पहाटे मात्र रजई दवाने ओली आणि नाक बर्फ. कानटोपी न्याच. टॉयलेट म्हणजे टेकडीच्या पलीकडे जा, सासूबाईंना हे आधी सांगायला हवं होतं, अजून ऐकवतात.

सकाळी दोन उंट गायब! रात्री पुढचे पाय सैल बांधून चरायला सोडतात, तसेच टुकूटुकू लांब गेलेले. उंटवाला चहाचा कप हातात घेऊन वाळूतले ठसे बघत निघाला, आम्हाला सगळे ठसे सारखेच दिसत होते, त्याला मात्र आपला उंट कुठला ते बरोबर कळत होतं. पाऊण तासाने दोघांना घेऊन आला. त्या पाऊण तासात आम्ही अजून एक चहा घेतला आणि परत जीपने जायचं ठरवलं.