नेस्कोला प्रदर्शन बघायला जाताय? जेवणाचं बिल वरून खाली वाचा

मुंबईत गोरेगाव पूर्वेला नेस्को प्रदर्शन केंद्राच्या हॉलमध्ये मोठं प्रदर्शन भरलं की दुपारी एक ते तीन आसपासच्या हॉटेलांत जागा मिळत नाही. गिऱ्हाईक बाहेरगावचं, गळ्यात पास, घाईत, आणि पुन्हा कधी येईल याचा नेम नाही. सगळेच हॉटेलवाले लुबाडत नाहीत, पण ज्याला लुबाडायचं असतं तो नेमका हाच माणूस हेरतो. थाळीचा भाव बाहेरच्या पाटीवर चोख लिहिलेला असतो. खरी कात्री बिलात चालते.

नमुन्याला चौघांचं बिल घेऊ. मागवल्या चार थाळ्या, 350 प्रमाणे 1,400 रुपये. बिलात त्याखाली पाण्याच्या दोन बाटल्या 120, मसाला पापड दोन 180. बेरीज 1,700. खाली बारीक अक्षरात ‘एस. सी.’ 10 टक्के, म्हणजे 170, झाले 1,870. त्यावर सीजीएसटी आणि एसजीएसटी (केंद्राचा आणि राज्याचा जीएसटी) अडीच-अडीच टक्के, 93.50. एकूण 1,963.50. मागवलं तेवढंच लावलं असतं तर 1,400 आणि पाच टक्के कर 70, असे 1,470 झाले असते. वरचे 493.50 रुपये म्हणजे पाचवी थाळी, आणि तरी पैसे उरले असते!

पाणी आणि पापड न मागता येतात. बसल्याबसल्या पोऱ्या बाटलीचं सील फोडून ठेवतो. सील फुटलं की परत घेत नाहीत. बाटलीवरच्या छापील किमतीवरून वाद घालून हाती काही लागत नाही, कारण हॉटेलात बसून प्यायच्या पाण्याला जास्त दर लावता येतो असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2017 मध्ये सांगितलं आहे. त्यामुळे बसतानाच ‘साधं पाणी आणा’ म्हणायचं. रस्त्यावरच्या टपरीला किंवा दुकानाला मात्र ही सवलत नाही. तिथे ‘थंड करायचे पाच रुपये’ मागितले तर ती सरळ बेकायदा वसुली आहे.

‘एस. सी.’ म्हणजे सर्व्हिस चार्ज. काही ठिकाणी तोच ‘स्टाफ वेल्फेअर’ नावाने येतो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या 4 जुलै 2022 च्या सूचनांनुसार तो आपोआप बिलात घालता येत नाही, नाव बदलूनही नाही, आणि तो मिळवून वर जीएसटी आकारणंही चालत नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने 28 मार्च 2025 रोजी या सूचना उचलून धरल्या. काउंटरवर शांतपणे ‘हा काढून नवीन बिल द्या’ म्हटलं की बहुतेक जण काढतात. इथेच दुसरी मेख आहे: चार्ज काढतात, पण कर जुनाच राहू देतात. 1,700 वर कर 85 होतो, 93.50 नव्हे. साडेआठ रुपयांसाठी कोण भांडणार, असा हिशोब असतो. दिवसाला दोनशे बिलं धरा, म्हणजे त्याचं गणित कळेल.

कराचीही एक गंमत आहे. जो हॉटेलवाला कंपोझिशन योजनेत, म्हणजे छोट्या धंद्यांसाठीच्या सोप्या कर योजनेत आहे, त्याला गिऱ्हाइकाकडून जीएसटी घेताच येत नाही. त्याच्या बिलावर तसं लिहिलेलं असावं लागतं. शंका आली तर बिलावरचा 15 अक्षरांचा जीएसटी नंबर सरकारी जीएसटी संकेतस्थळावर टाका. करदात्याचा प्रकार आणि नोंदणी चालू की रद्द, दोन्ही दिसतं. महाराष्ट्रातला नंबर 27 ने सुरू होतो. नंबरच नसलेल्या चिठ्ठीवर कर लावला असेल तर तो पैसा सरकारकडे जाणार नाही, हे उघड आहे. एफएसएसएआयचा, म्हणजे अन्न परवान्याचा, 14 आकडी नंबरही 1 जानेवारी 2022 पासून बिलावर हवा. 18 टक्के दिसले म्हणून लगेच चिडू नका: खोलीचं भाडं दिवसाला 7,500 च्या वर जाणाऱ्या मोठ्या हॉटेलातल्या रेस्टॉरंटला तो दर लागतो. दारूवर जीएसटी नाही, व्हॅट आहे. दोन्ही एकाच बेरजेवर लावलेत का ते पाहा.

मासे खाणार असाल तर मेन्यूत पापलेटपुढे आकड्याऐवजी ‘साइजप्रमाणे’ लिहिलेलं असतं. मासा तव्यावर पडण्याआधी तो बघा आणि भाव वदवून घ्या. नंतर बोलून उपयोग नाही.

पैसे देताना क्यूआर कोड स्कॅन केल्यावर मोबाइलवर येणारं नाव आणि दुकानाचं किंवा मालकाचं नाव ताडून पाहा. मूळ कोडवर दुसरा स्टिकर चिकटवलेला असू शकतो. ‘आवाज आला नाही, पुन्हा करा’ म्हणाले तर घाई नको. खात्यातून पैसे गेले आहेत का पाहा, व्यवहाराचा 12 आकडी यूटीआर नंबर दाखवा. दुकानदाराला पैसे पोचले नसतील तर नियमाप्रमाणे ते पाच दिवसांत तुमच्या खात्यात परत यायला हवेत; दुसऱ्यांदा दिलेले मात्र आपसूक परत येत नाहीत. गैरप्रकार वाटला तर सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, 1930 वर, लगेच फोन करा.

बिल दुरुस्त करायला नकार दिला तर पैसे द्या, पण छापील बिल आणि मेन्यूच्या पानाचा फोटो घेऊनच बाहेर पडा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवताना हे दोन्ही कामी येतात. जीपेचा नुसता स्क्रीनशॉट असेल तर त्यात सर्व्हिस चार्ज किती होता हे कुठेच दिसत नाही.