बंद पडलेला ओडोमीटर आणि नवा स्पीड सेन्सर : एक उन्हाळा, एक पावसाळा वापरल्यानंतर

2024 च्या ऑगस्टमधील पुरात आमची जुनी पेट्रोल गाडी बडोद्यात चाकांच्या वरपर्यंत पाण्यात उभी होती. काही महिन्यांनी तिचा वेगकाटा थरथरू लागला आणि मग काटा व एकूण किलोमीटरचे आकडे (ओडोमीटर) दोन्ही एकदमच थांबले. एका गॅरेजने अख्खे मीटर बदलण्याचा सल्ला दिला, तो मला अजिबात पटला नाही; कारण दुसरे मीटर बसवले की गाडीच्या खऱ्या किलोमीटरची नोंद तुटते आणि पुढे विकताना घेणाऱ्याला शंका येणे स्वाभाविक आहे.

काटा चालू असून केवळ आकडे थांबले असते, तर दोष मीटरच्या आत असण्याची शक्यता अधिक होती. दोन्ही एकाच वेळी थांबले, म्हणजे गिअरबॉक्सवरील, वेग मोजणाऱ्या स्पीड सेन्सरकडून येणारे संकेतच मीटरपर्यंत पोहोचत नव्हते. फ्यूज शाबूत होता आणि गाडीतील बिघाड वाचणाऱ्या स्कॅनरवर पी0500 हा स्पीड सेन्सरच्या बिघाडाचा कोड आला. सेन्सरचे सॉकेट काढले, तेव्हा तीनही पिनांवर हिरवट थर चढलेला होता. सेन्सरच्या टोकाच्या प्लास्टिक गिअरचे दात एका बाजूने जवळजवळ सपाट झाले होते. पिना साफ केल्यावर काटा थोडा हलला, पण पुन्हा थांबला. तेव्हा सेन्सरच बदलला.

नवा सेन्सर घेताना गिअरचे दात जुन्याशी जुळवून पाहणे फार महत्त्वाचे आहे, कारण दातांची संख्या वेगळी असेल तर आकडे चालतात खरे, पण चुकीचे चालतात. अहमदाबादला जाणाऱ्या 93 किलोमीटरच्या द्रुतगती मार्गावर ट्रिप मीटर शून्यावर आणून मी कडेच्या किलोमीटर-दगडांशी ताडून पाहिले. फरक नगण्य होता. वेगाचा संकेत इंजिनच्या नियंत्रणालाही लागतो; तो मिळत नसताना सिग्नलजवळ वेग कमी करताना इंजिन अधूनमधून बंद पडत असे, तेही थांबले, आणि यंदाच्या पावसाळ्यात काटा एकदाही अडखळला नाही.

तक्रार एकच आहे: सेन्सरसोबत आलेली रबरी रिंग कडक होती आणि उन्हाळ्यात तेथून गिअरबॉक्सचे ऑइल पाझरू लागले. रिंग वेगळी, चांगल्या प्रतीची घ्यावी. तिची किंमत किरकोळ असते.

ओडोमीटर बंद असताना गाडी जेवढी चालली, ते किलोमीटर नंतर आपोआप जमा होत नाहीत. त्यामुळे मीटर थांबल्याची आणि सुरू झाल्याची तारीख मी सर्व्हिस बुकात लिहून ठेवली आहे आणि पुढचे इंजिन ऑइल किलोमीटरवर न जाता महिन्यांच्या हिशेबाने बदलून घेतले.