एफएफएमपेग, मेटाफ्लॅक आणि किड३: कॅसेटवरच्या बैठका टॅगसकट सांभाळताना

जुन्या कॅसेटवरच्या बैठका संगणकावर उतरवून झाल्या, की खरं काम सुरू होतं. सुरुवातीची नुसती खरखर कापायची, विजेची ५० हर्ट्‌झची घरघर कमी करायची, आवाजाची पातळी ऐकण्यासारखी करायची. फाइली शेकड्यांनी असल्या की हे एकेक उघडून होत नाही. या कामासाठी मी गेले कित्येक महिने तीन मोफत साधनं वापरतोय: आवाजावरच्या प्रक्रियेला एफएफएमपेग, टॅग (शीर्षक, कलाकार अशी फाइलमध्येच लिहिलेली माहिती) काढा-घालायला फ्लॅक या दर्जा न घालवणाऱ्या फाइल-प्रकारासोबत येणारं मेटाफ्लॅक आणि सगळं डोळ्यांखालून घालायला किड३. तिन्ही मनापासून सुचवावीत अशी आहेत. मात्र टॅग टिकवायचे असतील, तर कोणतं काम कुणाकडे द्यायचं हे आधी ठरवावं लागतं.

टॅगबद्दल मी एवढा आग्रही का? ख्याल ऐकून राग सांगणारे पुष्कळ भेटतात. तबल्याला कोण होतं, पेटीवर कुणी साथ केली, बैठक कुणाच्या घरी झाली, हे ऐकून कळत नाही. ते कॅसेटच्या वेष्टणावर पेन्सिलीनं लिहिलेलं असतं. कॅसेट गेली की ती माहिती फक्त टॅगमध्ये उरते.

आणि टॅग जातात ते अगदी सहज. संपादनाचं सॉफ्टवेअर फाइल उघडून आवाज मोकळा करतं आणि शेवटी नवीनच फाइल लिहितं. त्या नव्या फाइलमध्ये त्याला समजतात तेवढेच टॅग उतरतात. शीर्षक आणि कलाकार बहुधा वाचतात. राग, ताल, साथीदार अशी आपण स्वतः घातलेली फील्ड (टॅगमधले रकाने) आणि मुखपृष्ठाचं चित्र यांची खात्री नसते.

मूळ संग्रह मी फ्लॅकमध्ये ठेवतो. कितीदा संपादन केलं तरी पुन्हा साठवताना दर्जा घसरत नाही, हे एक कारण. दुसरं, त्याचे टॅग यूटीएफ-८ या सगळ्या लिप्या सामावणाऱ्या अक्षर-पद्धतीतच असतात, त्यामुळे देवनागरी बिनधास्त लिहिता येते. फील्डचं नाव तेवढं रोमन अक्षरांत द्यावं लागतं, पण त्याची किंमत ‘विलंबित एकताल’ अशी नीट राहते. एकाच नावाचं फील्ड अनेकदा देता येतं, म्हणून प्रत्येक साथीदाराची नोंद वेगळी ठेवता येते. आपल्या संगीताला ही सोय फार उपयोगी आहे.

पण नेमकं इथेच एफएफएमपेगवर पूर्ण विसंबता येत नाही. ते साधे टॅग आपोआप पुढे नेतं, मुखपृष्ठही जसंच्या तसं कॉपी करायला सांगता येतं. मात्र माझ्याकडच्या आवृत्तीत एकाच नावाची अनेक फील्ड अर्धविरामांनी जोडली जाऊन एकच होतात. म्हणून मी टॅगचं काम त्याच्याकडून काढूनच घेतलं. आधी मेटाफ्लॅकनं प्रत्येक फाइलचे टॅग साध्या मजकूर-फाइलमध्ये बाहेर काढायचे, मग एफएफएमपेगकडून आवाज सुधारून नव्या फोल्डरमध्ये लिहून घ्यायचा, शेवटी नव्या फाइलमधले टॅग पुसून मजकूर-फाइलमधले परत भरायचे. एक छोटी स्क्रिप्ट हे सगळं करते. टॅग काढताना आणि भरताना ‘नो यूटीएफ८ कन्व्हर्ट’ हा पर्याय द्यावा. नाहीतर मेटाफ्लॅक मजकूर संगणकाच्या चालू लिपीसंचात बदलू पाहतं. आणि टिपणं एका ओळीतच लिहावीत, कारण ते एका ओळीला एक टॅग समजतं.

सगळेच टॅग जपायचे नसतात, हेही लक्षात ठेवायला हवं. रिप्लेगेन हा टॅग प्लेअरला सांगतो की आवाज किती डेसिबलनं कमी-जास्त करून वाजवायचा. आपण आवाजाची पातळीच बदलली आणि जुना आकडा इमानानं परत भरला, तर प्लेअर चुकीच्या पातळीवर वाजवणार. म्हणून ती फील्ड गाळायची आणि मेटाफ्लॅककडून नव्यानं मोजून घ्यायची. खरं तर मी आता पातळी फाइलमध्ये बदलतच नाही, नुसता हा टॅग लिहितो. एफएफएमपेगचा ‘लाउडनॉर्म’ हा आवाजाची पातळी सारखी करणारा फिल्टर नेहमीच्या पद्धतीनं वापरला तर तो हळू भाग वर उचलतो, आणि आलापातली जवळजवळ कुजबुजीसारखी जागा द्रुतच्या तानेइतकी मोठी होते. निवेदनाला ते चालेल, ख्यालाला अजिबात नाही. शिवाय या पद्धतीत तो सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाचे किती नमुने घ्यायचे तो आकडा) १९२ किलोहर्ट्‌झवर नेतो, ४४.१ असं स्पष्ट सांगितलं नाही तर फाइल विनाकारण फुगते.

नातेवाइकांना आणि गाडीत ऐकायला एमपी३ प्रती काढतो. तिथे एफएफएमपेग आयडी३ या एमपी३च्या टॅग-पद्धतीची २.४ आवृत्ती लिहितं, पण जुनी यंत्रं २.३ जास्त खात्रीनं वाचतात, म्हणून ती मागून घ्यावी. फाइलच्या शेवटी १२८ बाइटांचा जो जुना आयडी३ टॅग असतो, त्याच्या नादी लागू नये. शीर्षकाला ३० बाइट आणि युनिकोडची सोय नाही. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं, तेव्हा ‘मियाँ मल्हार’ हे नावसुद्धा त्यात मावत नाही. किड३मध्ये हा जुना टॅग आणि नवा टॅग वेगवेगळ्या भागांत दिसतात, त्यामुळे काय कुठे लिहिलंय ते लगेच कळतं. फोनवर आलेल्या ओपस (आवाजाचा आणखी एक फाइल-प्रकार) फाइलींबाबत एक सूचना: त्यांचे टॅग फाइलच्या नव्हे, ध्वनिप्रवाहाच्या पातळीवर असतात. एमपी३ करताना एफएफएमपेगच्या ‘मॅप मेटाडेटा’ या पर्यायाला ते तिथून घ्यायला सांगावं लागतं.

ज्यांना कमांड लिहायची सवय नाही त्यांनी किड३पासून सुरुवात करावी. टॅगमधून फाइलचं नाव, नावातून टॅग, सगळ्या फोल्डरची यादी तक्त्यात काढणं, हे सगळं त्यात माउसनं होतं. फ्लॅकमध्ये नुसते टॅग बदलले तर आवाजाला धक्का लागत नाही, याची खात्रीही करता येते: मूळ आवाजावरून काढलेला एमडी५ हा ओळख-आकडा फाइलमध्येच नोंदलेला असतो, आवाजावरून पुन्हा काढलेला आकडा त्याच्याशी जुळला पाहिजे. मी प्रत्येक तुकडीनंतर हा आकडा आणि बाहेर काढलेले टॅग दोन्ही ताडून पाहतो, आणि जुळल्याशिवाय मूळ फोल्डर हलवत नाही.