युरोपात कामगारांच्या सुरक्षेवर संशोधन करायचंय? पाच विषयांची समोरासमोर तुलना

शीवच्या सेंट्रल लेबर इन्स्टिट्यूटमधून औद्योगिक सुरक्षेचा डिप्लोमा केलेला सेफ्टी ऑफिसर असो, एमडीनंतर व्यवसायजन्य आजारांकडे वळलेली डॉक्टर असो की केमिकल इंजिनीअर, पीएचडीसाठी युरोपात अर्ज करायचं ठरवलं की विषय कोणता घ्यावा हा प्रश्न सगळ्यांपुढे येतो. हेलसिंकी, कोपनहेगन, डॉर्टमुंड, नॅन्सी इथल्या संस्थांची नावं शोधून सापडतात. विषयाचं तसं नाही. एकदा निवडला की चार वर्षं आणि बहुधा पुढचं सगळं करिअर त्याला बांधलं जातं.

युरोपात या क्षेत्राची दिशा बरीचशी जाहीर असते. बिल्बाओमधल्या युरोपीय कामगार सुरक्षा व आरोग्य संस्थेने २०१३ ते २०२० या काळासाठी संशोधनाचे प्राधान्यक्रम मांडले होते. त्यात चार मोठे गट होते: वय वाढत चाललेला कामगारवर्ग, जागतिकीकरण आणि बदलतं काम, नवं तंत्रज्ञान, आणि नव्याने वाढणारा रासायनिक व जैविक संपर्क. पुढे युरोपीय आयोगाचा २०२१ ते २०२७ चा आराखडा आला. त्यातले दोन आकडे शेजारी ठेवून पाहा. २०१८ मध्ये युरोपीय संघाच्या २७ देशांत कामावरच्या अपघातांत ३,३०० हून थोडे अधिक लोक गेले. कामामुळे होणाऱ्या आजारांनी जाणारे मात्र वर्षाला सुमारे २ लाख. १९९४ ते २०१८ या काळात प्राणघातक अपघात जवळपास ७० टक्क्यांनी घटले. आजारांच्या बाबतीत असं काही सांगता येत नाही. म्हणून संशोधनाचा भर हेल्मेट आणि रेलिंगकडून फुप्फुसं, मन आणि मणक्याकडे सरकला आहे.

विषय पारखायला मी एकच कसोटी लावते: इथे खरी अडचण कुठली? कारण माहीत नाही ही, की कारण माहीत असूनही ते थांबत नाही ही? पहिल्या प्रकारच्या विषयाला प्रयोगशाळा आणि आकडेमोड लागते. दुसऱ्याला कामाच्या जागी जाऊन, माणसांत बसून केलेलं काम लागतं. पाचही विषय या कसोटीवर वेगवेगळ्या जागी पडतात.

कर्करोग आणणारी धूळ आणि रसायनं

कामामुळे होणाऱ्या मृत्यूंपैकी ५२ टक्के कर्करोगाचे, असं तोच आराखडा सांगतो. माझ्या लेखी हा विषय पहिल्या क्रमांकावर आहे, आणि तो नुसत्या आकड्यासाठी नाही. अ‍ॅस्बेस्टॉस, सिलिका, डिझेलचा धूर या गोष्टी घातक आहेत यावर आता वाद उरलेला नाही. प्रश्न आहे तो नेमकं कोण, कुठे, किती श्वासात घेतंय याचा. त्याचं उत्तर आश्चर्य वाटेल इतकं अपुरं आहे.

बिल्बाओच्या संस्थेने सहा देशांत, म्हणजे जर्मनी, आयर्लंड, स्पेन, फ्रान्स, हंगेरी आणि फिनलंडमध्ये, २४ हजारांहून जास्त कामगारांना फोनवरून प्रश्न विचारले. ‘तुमच्याकडे सिलिका आहे का?’ असं विचारलं नाही, कारण ते कामगाराला माहीत नसतं. ‘दगड कापता का, पाणी मारून कापता की कोरडा, जवळ धूळ ओढणारं यंत्र असतं का?’ असं विचारलं आणि उत्तरांवरून संपर्काचा अंदाज बांधला. पद्धत मूळ ऑस्ट्रेलियातली. सर्वांत जास्त आढळलेले संपर्क होते सूर्यप्रकाशातली अतिनील किरणं, डिझेलचा धूर, बेन्झीन, मग सिलिका आणि फॉर्मल्डिहाइड. उन्हात काम करणं हा कर्करोगाचा व्यावसायिक धोका आहे, ही गोष्ट अजून कित्येक सेफ्टी मॅन्युअलमध्ये शिरलेलीच नाही.

मोजमाप प्रत्यक्षात कसं होतं ते जवळून बघू, कारण हे काम आपल्याला झेपेल का ते त्यावरून कळतं. कामगाराच्या कंबरेच्या पट्ट्याला बॅटरीवरचा छोटा पंप अडकवतात. तिथून एक नळी खांद्यावरून कॉलरपाशी येते. नळीच्या टोकाला बोटाएवढं सायक्लोन असतं. ते जाड धूळ बाजूला फिरवून पाडतं आणि फुप्फुसाच्या तळापर्यंत जाऊ शकेल अशीच बारीक धूळ फिल्टरवर पोचू देतं. हे सगळं नाकापासून वीतभर अंतरात असावं लागतं, नाहीतर मोजलेली हवा त्या माणसाच्या श्वासातली राहत नाही. पाळी संपली की फिल्टर मायक्रोबॅलन्सवर तोलायचा, मग क्ष-किरण विवर्तनाने त्यात क्वार्ट्झ, म्हणजे स्फटिकरूप सिलिका, किती ते काढायचं. सिलिकासाठी युरोपभरची कमाल मर्यादा घनमीटरला ०.१ मिलिग्रॅम आहे. नेदरलँड्सने ती ०.०७५ ठेवली आहे, अमेरिकेने ०.०५. या तीन आकड्यांमधल्या अंतरात किती फुप्फुसं सापडतात, हा एका पीएचडीला पुरून उरेल असा प्रश्न आहे.

किचन ओट्यासाठी वापरतात त्या कृत्रिम क्वार्ट्झच्या फरशीने तो आणखी तातडीचा केला. तिच्यात सिलिकाचं प्रमाण ९० टक्क्यांच्याही वर जाऊ शकतं. स्पेनमध्ये ती कापणाऱ्या तरुण कामगारांना काही वर्षांतच सिलिकोसिस, म्हणजे सिलिकाच्या धुळीने होणारा फुप्फुसाचा आजार, झाल्याचं दिसलं. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून तिच्यावर बंदी घातली. युरोपीय संघाने अशी बंदी घातलेली नाही. ओलं कापणं, धूळ ओढून घेणं आणि मास्क एवढ्यावर हे काम सुरक्षित होतं का, याचं भक्कम उत्तर धोरण ठरवणाऱ्यांना हवं आहे.

अ‍ॅस्बेस्टॉसचा वापर संघात २००५ पासून बंद आहे, पण जुन्या इमारतींत ते अजून आहेच, आणि ऊर्जाबचतीसाठी त्याच इमारतींची डागडुजी मोठ्या प्रमाणावर चालू झाली आहे. २०२३ च्या निर्देशाने (निर्देश म्हणजे सदस्य देशांना आपल्या कायद्यात उतरवावा लागणारा संघाचा नियम) मर्यादा दहापट कडक झाली: घनसेंटिमीटरला ०.१ तंतूवरून ०.०१ वर. शिवाय २०२९ च्या अखेरपर्यंत सगळ्यांना इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपीसारख्या सूक्ष्म पद्धतीकडे वळायचं आहे, कारण नेहमीच्या प्रकाश सूक्ष्मदर्शकाखाली सुमारे ०.२ मायक्रॉनपेक्षा बारीक तंतू दिसतच नाहीत. प्रयोगशाळेत रमणाऱ्यांसाठी इथे पुढची काही वर्षं काम नक्की आहे.

मनावरचा ताण: आणखी एक तगडा दावेदार

धुळीच्या विषयात कारण पक्कं आणि संपर्क अंधुक. इथे उलट आहे. ताण किती जणांना आहे हे सर्वेक्षणं सांगतात: २०२२ च्या युरोपीय पाहणीत २७ टक्के कामगारांनी कामामुळे ताण, चिंता किंवा नैराश्य आल्याचं किंवा वाढल्याचं सांगितलं. पण त्यातून आजारापर्यंतची साखळी जोडणं कठीण जातं. २०१२ मध्ये १३ युरोपीय अभ्यासांतल्या सुमारे २ लाख लोकांची माहिती एकत्र करून पाहिली गेली. कामाचा रेटा जास्त आणि हातात अधिकार कमी अशा नोकरीत हृदयविकाराचा धोका सुमारे २३ टक्क्यांनी जास्त निघाला. परिणाम खरा आहे, पण धूम्रपानाच्या तुलनेत बराच लहान. एखाद्या माणसाच्या बाबतीत ‘हे कामामुळेच झालं’ असं सिद्ध करायला तो पुरत नाही.

कायद्याने मात्र पाऊल पुढे टाकलं आहे. फ्रान्स टेलिकॉममध्ये हजारो नोकऱ्या कमी करण्याच्या मोहिमेच्या काळात झालेल्या आत्महत्यांचा खटला चालला. २०१९ च्या डिसेंबरमध्ये कंपनी आणि माजी प्रमुख दिदिए लोंबार यांच्यासह काही वरिष्ठ अधिकारी दोषी ठरले. जानेवारी २०२५ मध्ये फ्रान्सच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने ‘संस्थात्मक छळ’ हा गुन्हा ग्राह्य धरला. एखाद्या साहेबाने एका कर्मचाऱ्याला छळलं एवढ्यापुरता तो गुन्हा नव्हता. कंपनीचं धोरणच छळाचं होतं, असं न्यायालयाने मानलं. बेल्जियममध्ये २०१४ पासून मानसिक-सामाजिक धोक्यांवर स्वतंत्र कायदा आहे. संघाच्या पातळीवर तसा खास निर्देश नाही, कामगार सुरक्षेच्या १९८९ च्या मूळ निर्देशावरच भागवलं जातं.

म्हणून इथे संशोधनाची खरी गरज उपायांची आहे. योगवर्ग आणि हेल्पलाइन पुष्कळ झाल्या. कामाचा बोजा, पाळ्या, माणसांची संख्या बदलली तर काय फरक पडतो, हे नियंत्रित पद्धतीने तपासलेले अभ्यास थोडे आहेत. कारण उघड आहे: त्यासाठी व्यवस्थापनाने स्वतःचं काम बदलायला तयार व्हावं लागतं. हा विषय मला मनापासून महत्त्वाचा वाटतो. तरीही परदेशातून येणाऱ्याला मी तो सहज सुचवणार नाही. माणूस आपला ताण मातृभाषेत सांगतो. जर्मन, फ्रेंच किंवा डॅनिश मुलाखत घेण्याइतकी येत नसेल, तर तुम्ही प्रश्नावलीच्या आकड्यांपुरते उरता.

पाठ, मान, खांदे

कामगारांच्या तक्रारींत हा विषय सर्वांत वर, मृत्यूंच्या यादीत जवळपास नाही. कारणं फार पूर्वीपासून माहीत आहेत: उचलणं, वाकणं, तेच तेच हातवारे, आणि हल्ली तासन्‌तास बसणं. गंमत नव्हे, पण संगणकाच्या पडद्यासमोर काम करणाऱ्यांसाठीचा युरोपीय निर्देश अजून १९९० चाच आहे, आणि सतत वापरात नसलेली पोर्टेबल यंत्रं त्याच्या कक्षेबाहेर आहेत. घरी सोफ्यावर लॅपटॉप घेऊन बसणारा कर्मचारी तो लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे असणं शक्यच नव्हतं. सध्या पैसा एक्झोस्केलेटनकडे, म्हणजे अंगावर चढवून भार पेलायला मदत करणाऱ्या सांगाड्यांकडे, वळतो आहे. खांद्यावरचा भार कमी झाला तर तो कुठे जातो, हे मोजणं बायोमेकॅनिक्सवाल्यांना आवडेल. मेकॅनिकल इंजिनीअर असाल तर प्रवेश सोपा आणि भाषेची अडचण कमी. माझी शंका एवढीच, की नर्सिंग होममध्ये रात्रपाळीला दोनच बायका असतील, तर त्यांची पाठ यंत्राने वाचेल की तिसऱ्या बाईने.

अ‍ॅप आणि अल्गोरिदम

पाचांत सर्वांत नवा विषय. मूलभूत पुरावाच तोकडा, म्हणजे पहिल्या प्रकारचा. प्लॅटफॉर्मवरच्या, म्हणजे डिलिव्हरी किंवा टॅक्सीसारख्या अ‍ॅपवरून मिळणाऱ्या, कामाचा निर्देश २०२४ मध्ये मंजूर झाला. सदस्य देशांना तो २ डिसेंबर २०२६ पर्यंत लागू करायचा आहे, आणि अल्गोरिदमचा कामगाराच्या आरोग्यावर काय परिणाम होतो हे तपासणं त्यात कंपनीवर बंधनकारक आहे. कामाच्या ठिकाणी यंत्राद्वारे भावना ओळखण्यावर, वैद्यकीय आणि सुरक्षेची कारणं वगळता, २०२५ च्या फेब्रुवारीपासून बंदी आहे. विषय आकर्षक आहे, जागाही निघतात. पण आवश्यक माहिती कंपनीच्या सर्व्हरवर असते आणि ती मिळेलच याची हमी कुणी देत नाही. तंत्रज्ञान तीन वर्षांत बदलतं, पीएचडीला चार लागतात.

ऊन

हा विषय अनेकांच्या यादीत तळाशी असतो, माझ्या यादीत दुसरा आहे. कामासाठी कमाल तापमान किती, याचा संघभर एक नियम नाही. स्पेनने २०२३ पासून हवामान खात्याचा केशरी किंवा लाल इशारा असताना गरज पडल्यास उघड्यावरच्या कामाच्या वेळा कमी करणं किंवा बदलणं भाग पाडलं. फ्रान्समध्ये उष्णतेविषयीचे नियम १ जुलै २०२५ पासून लागू आहेत. ग्रीसमध्ये आणि इटलीच्या अनेक प्रांतांत तीव्र उष्णतेत दुपारचं काम थांबवलं जातं. इटलीच्या ‘वर्कलायमेट’ (Worklimate) प्रकल्पात कामगारांसाठी उष्णतेच्या अंदाजाचे नकाशे तयार झाले. म्हणजे वेगवेगळ्या देशांत वेगवेगळे नियम एकाच वेळी लागू होत आहेत. कोणत्या नियमाने अपघात खरंच घटतात, हे तपासायची अशी संधी फार क्वचित मिळते. अपघाताच्या विम्याच्या नोंदी आणि हवामानाच्या नोंदी दोन्ही उपलब्ध असतात. संख्याशास्त्र येत असेल तर भाषा फारशी आड येत नाही.

मग कुणी काय घ्यावं?

संख्याशास्त्र आवडतं, प्रयोगशाळा नको, अशांनी नॉर्डिक देशांकडे पाहावं. तिथल्या पाच देशांच्या जनगणना आणि कर्करोग नोंदणी जोडून दीड कोटी लोकांचा व्यवसाय आणि कर्करोग यांचा अभ्यास झाला आहे. ओळखक्रमांकावर सगळ्या नोंदी जुळतात, अशी सोय बाकी युरोपात सहसा नाही. हाताने काम करायला आवडणाऱ्यांनी, हवेचे नमुने घेणाऱ्यांनी धूळ निवडावी. डॉक्टर असाल, स्थानिक भाषा शिकायची खरी तयारी असेल, तर ताणाच्या विषयात तुमची गरज आहे. तयारी अर्धी असेल तर नको.

परत यायचं मनात असेल तर तेही आत्ताच धरा. आपल्याकडे अ‍ॅस्बेस्टॉसवर बंदी नाही, सिमेंटचे पत्रे आजही विकले जातात. दगड फोडणारे, फरशी कापणारे, विदर्भाच्या उन्हात स्लॅब भरणारे लोक आहेत. धूळ आणि ऊन या दोन विषयांतलं तिथे शिकलेलं मोजमाप इथे पहिल्या दिवसापासून उपयोगी पडतं. अल्गोरिदमचे युरोपीय निर्देश इथे लागू नाहीत आणि एक्झोस्केलेटन इथल्या हमालापर्यंत लवकर पोचणार नाही. धूळ पहिली आणि ऊन दुसरं, हा माझा क्रम त्यामुळेही आहे.

कुठल्याही विषयात शेवटी अडतं ते प्रवेशापाशी. कारखाना, बांधकामाची साइट, रुग्णालय आत येऊ देईल तेव्हाच अभ्यास होतो, आणि लहान कंपन्या, जिथे धोका बहुधा जास्त, त्याच दार उघडत नाहीत. म्हणून मुलाखतीत गाईडला शिष्यवृत्तीच्या आधी हे विचारा: कोणत्या कंपन्यांनी प्रवेश दिला आहे, तो लेखी आहे का, आणि निष्कर्ष त्यांच्या विरोधात गेले तरी छापायची मुभा करारात आहे का. या तिन्हींची उत्तरं गोलगोल आली, तर प्रकल्प कितीही मोठ्या संस्थेतला असला तरी दुसरा शोधा.